ड्रॉअबॉक्सचा पहिला धडा: रेघा, लंबवर्तुळं, खोके आणि त्यांवर मिळणारा अभिप्राय

नवशिक्याचं पहिलं पान तपासायला घेतलं की बहुतेक वेळा एकच दृश्य दिसतं. रेघ एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत अगदी बरोबर पोहोचलेली असते, पण वाटेत पाच-सहा ठिकाणी वळवळलेली असते. तपासणाराही नवखा असेल तर शेरा मारून मोकळा होतो, ‘छान प्रयत्न, अजून अचूक काढा.’ हा शेरा नुसता निरुपयोगी नाही, तो नुकसान करतो. ती रेघ थरथरली तीच मुळी अचूकतेच्या हव्यासापायी. ड्रॉअबॉक्स या चित्रकलेच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमाचा पहिला धडा जोखताना आमचा निकष म्हणूनच एक आहे. काय चुकलं ते पानावर दिसतंच. का चुकलं हे धडा आणि त्यावरचा अभिप्राय सांगतो का?

रेघांच्या भागात सांगतो, आणि फार नेमकं सांगतो. लंबवर्तुळांच्या भागात बऱ्यापैकी. खोक्यांपाशी मात्र धडा विद्यार्थ्याला एकदम खोल पाण्यात ढकलतो, आणि पान कोण तपासतंय यावर पुढचं सगळं अवलंबून राहतं.

आधी धड्याचं स्वरूप. या पद्धतीचं मूळ चित्रकला शिकवणारे पीटर हान यांच्या डायनॅमिक स्केचिंग नावाच्या रेखाटन-पद्धतीच्या शिकवणीत आहे. रेघांचे तीन व्यायाम आहेत: एकाच रेघेवर पुन्हा पुन्हा रेघ फिरवणं, हवेत सराव करून मग रेघ मारणं, आणि त्याच पद्धतीने चौकोनी प्रतलं, म्हणजे सपाट पृष्ठं, काढणं. लंबवर्तुळांचेही तीन: कोष्टकात भरलेली, प्रतलात बसवलेली आणि नरसाळ्यात ओवलेली. खोक्यांचे चार: पट्टीने आखलेले, मोकळ्या हाताने अंदाजे काढलेले, वळत जाणारे आणि अवकाशात तरंगणारे. प्रत्येकाची एक किंवा दोन पानं. दहा व्यायाम एका आठवड्याच्या शेवटी उरकणारे लोक असतात. त्यांची शेवटची पानं पहिल्या पानांपेक्षा वाईट निघतात, कारण दमलेला हात खांद्याऐवजी पुन्हा नुसत्या मनगटातून हलायला लागतो.

साहित्य म्हणजे साधा प्रिंटरचा कागद आणि ०.५ मिमीचं फाइनलायनर, म्हणजे सारख्या जाडीची रेघ देणारं बारीक टोकाचं शाईचं पेन. पेन्सिल का चालत नाही, असं हमखास विचारलं जातं. पेन्सिलने रेघ फिकट सुरू करून हळूहळू गडद करता येते, म्हणजे निर्णय पुढे ढकलता येतो. फाइनलायनर टेकलं की काळी रेघ उमटलीच. निर्णय आधी घ्यावा लागतो, आणि चूक लपवता येत नसल्यामुळे तपासणाऱ्यालाही ती स्वच्छ दिसते. बॉलपेनमध्ये अर्धी पळवाट शिल्लक राहते, कारण दाब कमी केला की रेघ पुसट होते. फाइनलायनर मात्र दाबून वापरू नका. टोक आत बसतं आणि शाई शिल्लक असूनही पेन कागद खरवडायला लागतं.

आता रेघा. पहिल्या व्यायामात पट्टीने एक रेघ आखायची आणि तिच्यावरून मोकळ्या हाताने आठ वेळा रेघ फिरवायची. आठही रेघा हुबेहूब एकमेकींवर बसाव्यात अशी अपेक्षा कोणी करत नाही. पुढच्या टोकाला त्या केरसुणीच्या काड्यांसारख्या पसरतात, ते ठीकच आहे. दोन्ही टोकांना पसरल्या असतील तर गोष्ट वेगळी. तिथे दोष घाईचा असतो, पेन सुरुवातीच्या बिंदूवर नीट टेकवलेलंच नसतं. ही चूक सुधारायला सराव लागत नाही. क्षणभर थांबून टोक जागेवर ठेवलं की पुढच्याच रेघेपासून ती बंद होते. म्हणून अभिप्रायात ती पहिली यावी.

थरथर मात्र सवयीची गोष्ट आहे. रेघ चालू असताना डोळा पाहतो की हात जरा खाली गेलाय, म्हणून हात वर घेतला जातो. ही दुरुस्ती पोहोचेपर्यंत हात पुढे सरकलेला असतो, त्यामुळे ती जास्त होते आणि लगेच उलटी दुरुस्ती करावी लागते. पानावरची नागमोड म्हणजे या दुरुस्त्यांचा माग. उपाय म्हणजे रेघ चालू झाल्यावर तिला हाकायचं नाही. विचार आधी करायचा: दोन्ही टोकांना बिंदू द्यायचे, कागद सोयीच्या कोनात फिरवायचा, पेन न टेकवता हवेत तीच हालचाल काही वेळा करायची, आणि मग त्याच लयीत पेन टेकवून रेघ सोडायची. वेग किती, तर डोळ्याला मध्ये लुडबूड करता येणार नाही इतका. याहून जोरात मारलं तर फक्त नेम चुकतो. रेघा गुळगुळीत यायला लागल्या की वेग थोडाथोडा उतरवत न्यायचा आणि थरथर परत दिसली की तिथून जरा वर थांबायचं.

रेघ गुळगुळीत असून धनुष्यासारखी वाकत असेल तर कारण सांध्यात आहे. एक सांधा स्थिर ठेवून हात फिरवला की वर्तुळाचा तुकडा उमटणार, हा भूमितीचा नियम. मनगटापासून पेनाच्या टोकापर्यंतचं अंतर थोडं, म्हणून तो तुकडा जास्त वाकडा, कोपरापासून कमी, खांद्यापासून हात हलवला की बाक जवळजवळ जाणवेनासा होतो. खांद्यापासून हालवूनही बाक उरत असेल तर मुद्दाम उलट्या बाजूला किंचित बाक द्यायचा प्रयत्न करा, हात मधोमध येतो. अंगठ्याखालचा तळवा कागदाला चिकटवून ‘खांद्यापासून काढतोय’ म्हणणारे पुष्कळ. तळवा टेकलेला असेल तर खांदा हलूच शकत नाही. करंगळीची कड हलकेच कागदावरून सरकू द्यायला हरकत नाही.

रेघ शेवटच्या बिंदूपुढे जाते तेव्हा बहुतेक जण शेवटी वेग कमी करायला लागतात आणि टोकाशी नवी थरथर घेऊन येतात. त्यापेक्षा वेग तसाच ठेवून बिंदूपाशी पेन उचलायचं. हात थांबवणं अवघड असतं, उचलणं सोपं.

चुकलेल्या रेघेवर दुसरी रेघ मारायची नाही, हा नियम धडा वारंवार बजावतो आणि तरीही तो सगळ्यात जास्त मोडला जातो. दुसरी रेघ चूक पुसत नाही, तिला जाड करून नजरेत भरवते. प्रतलांच्या व्यायामात हे फार दिसतं. चार बाजू, दोन कर्ण, मध्यातून जाणाऱ्या दोन रेघा, अशा आठ रेघा एका प्रतलात असतात, आणि मध्यबिंदूपाशी चार रेघांची गर्दी होते. त्यातली एक चुकली म्हणून तीनदा गिरवली की तिथे काळा डाग पडतो आणि पुढे लंबवर्तुळ बसवताना मध्य कुठे ते शोधावं लागतं.

कागद फिरवण्याबद्दल एवढंच, की उजव्या हाताच्या माणसाला साधारणपणे खाली डावीकडून वर उजवीकडे जाणारी रेघ सोपी जाते. डावखुऱ्याला याच्या उलट. आपला कोन सापडला की प्रत्येक रेघेसाठी कागद त्या कोनात आणा. पान टेपने टेबलाला चिकटवणाऱ्यांना हे जमणार नाही, तेव्हा टेप काढा.

लंबवर्तुळांसाठी धडा पेन न उचलता दोन पूर्ण फेरे घ्यायला सांगतो, फार तर तीन. एका फेऱ्यात आकार अर्धवट राहतो, कारण सुरुवात आणि शेवट जुळवायच्या नादात हात अडखळतो. चार-पाच फेरे घेतले की लोकरीचा गुंडा तयार होतो आणि नेमका कोणता आकार म्हणायचा होता तेच कळत नाही. दोन फेरे एकमेकांपासून फार लांब पडत असतील तर हवेतला सराव कमी पडला.

आकाराचे दोष मुख्यतः दोन. टोकं बदामासारखी निमुळती होतात, कारण हात टोकाशी थांबून दिशा बदलतो, म्हणजे दोन कमानी काढून त्या जोडतो. किंवा बाजू सपाट होऊन औषधाच्या कॅप्सूलसारखा आकार येतो, कारण नजर कोष्टकाच्या वरच्या-खालच्या रेघेला चिकटून राहते. दोन्हींवर इलाज एकच: आधी लयीत फिरणारा हात, मग चौकटीला टेकण्याची फिकीर. कोष्टकात लंबवर्तुळं एकमेकांना आणि रेघांना नेमकी टेकावीत हे उद्दिष्ट आहे, पण त्यासाठी आकार मोडायचा नाही. फटी राहिलेली पण गोलाई शाबूत असलेली ओळ, घट्ट बसलेल्या पण खडबडीत ओळीपेक्षा बरी. एका ओळीत झुकाव आणि फुगवटा ठरवून तो शेवटपर्यंत टिकवणं मात्र तपासलं जायला हवं. पुष्कळांची लंबवर्तुळं ओळीच्या सुरुवातीला पसरट असतात आणि शेवटाकडे गोल व्हायला लागतात.

प्रतलातल्या लंबवर्तुळाबाबत अभिप्राय देणारेही गोंधळतात. ‘चारही बाजूंना मध्यावर टेकलं नाही’ हा शेरा नेहमी दिसतो. मध्यातून जाणाऱ्या रेघा नजरेच्या अंदाजाने काढलेल्या असतात, त्यामुळे त्या बाजूला मिळतात तो बिंदू पर्स्पेक्टिव्हमधला (दूरचं लहान दिसतं त्या हिशेबातला) खरा मध्य असेलच असं नाही. तिथेच टेकवण्याचा हट्ट धरला की लंबवर्तुळ बटाट्यासारखं होतं. चार बाजूंना कुठेतरी अलगद टेकलं, गोलाई अखंड राहिली, तर काम झालं.

नरसाळ्याचा व्यायाम दिसतो साधा. दोन उलट्या कमानी, मधून एक अक्ष, आणि त्या अक्षावर ओवलेली लंबवर्तुळं. यात शिकायचं काय आहे ते ‘लघु अक्ष’ या दोन शब्दांत आहे. मधल्या रेघेने प्रत्येक लंबवर्तुळाचे आडव्या, अरुंद दिशेने दोन समान भाग करायला हवेत, असे की रेघेवर कागद दुमडला तर एक बाजू दुसरीवर बसेल. नवशिक्याची लंबवर्तुळं बहुधा मध्यावर असतात पण तिरकी असतात, आणि मध्य बरोबर असल्यामुळे चूक त्याच्या नजरेतून सुटते. लंबवर्तुळाच्या दोन्ही लांब टोकांमधून एक रेघ काढून बघा. ती अक्षाला काटकोनात नसेल तर झुकाव चुकलाय. पुढे सिलिंडर, चाकं, बाटल्या काढायच्या असतील तर हीच गोष्ट नडते, म्हणून या एका पानावर अभिप्राय देणाऱ्याने वेळ घालवावा.

इथवर धडा पायरीपायरीने जातो. खोक्यांत पायऱ्या अचानक उंच होतात.

पट्टीने आखायचा पहिला व्यायाम निवांत आहे. क्षितिजरेषेवर, म्हणजे डोळ्याच्या पातळीच्या आडव्या रेघेवर, दोन लोपबिंदू (दूर जाणाऱ्या समांतर कडा जिथे मिळताना दिसतात ते बिंदू), उभ्या कडा उभ्याच, बाकी सगळ्या कडा कोणत्या ना कोणत्या लोपबिंदूकडे. तरीही मागची उभी कड तिरकी येते किंवा वर-खाली जुळत नाही, आणि लोक खोडरबर शोधायला लागतात. ही समजुतीतली चूक नसते. ०.५ मिमीच्या पेनाची रेघ स्वतःच ०.५ मिमी जाड असते, पट्टी प्रत्येक वेळी केसभर सरकते, आणि मागचा कोपरा सगळ्यात शेवटी ठरत असल्याने आधीच्या सगळ्या बारीक चुका तिथे जमा होतात. अभिप्रायात एवढंच सांगावं आणि पुढे जावं.

अंदाजे काढलेल्या खोक्यांमध्ये लोपबिंदू एकच असतो. म्हणजे पुढच्या आणि मागच्या चौकटीच्या आडव्या कडा क्षितिजरेषेला समांतर, उभ्या कडा तिला काटकोनात, आणि फक्त खोलीच्या चार कडा लोपबिंदूकडे. पुढची-मागची चौकट तिरकी काढणारे असतात. त्यांना सराव नको, हे एक वाक्य हवंय. खोलीच्या कडा चुकतात त्या मात्र सरावाच्या. खोके झाल्यावर वेगळ्या रंगाच्या पेनाने, पट्टी लावून, या कडा क्षितिजरेषेपर्यंत वाढवायच्या असतात आणि लोपबिंदूपासून किती लांब पडल्या ते बघायचं असतं. हे बघून हिरमुसलेल्यांसाठी एक हिशेब. खोक्याची कड २ सेंमी लांब आहे आणि लोपबिंदू तिच्या सुरुवातीपासून १० सेंमीवर. कडेच्या शेवटी हात १ मिमी चुकला, तर लोपबिंदूपाशी ती चूक ५ मिमी दिसणार. कड १ सेंमीची असेल तर १० मिमी. छोट्या खोक्यांच्या वाढवलेल्या रेघा विस्कटलेल्या दिसतात त्या यामुळे. पान उलट-सुलट दिसलं तरी पहिल्या आणि दुसऱ्या पानात फरक पडला का, ते बघावं.

वळत्या खोक्यांचं पान हा या धड्याचा सगळ्यात वादग्रस्त भाग. मध्ये एक खोका, त्याच्या चारही दिशांना थोडे थोडे वळत जाणारे खोके, आणि सगळे मिळून एका गोळ्यासारखे. जवळपास प्रत्येकाचं एकच चुकतं: खोके वळत नाहीत, नुसते बाजूला सरकतात आणि लहान होतात. कारण असं की शेजारच्या खोक्याची नक्कल करताना त्याच्या कडांची दिशाही नकळत उचलली जाते. खोका वळला की त्याच्या कडांचा लोपबिंदू क्षितिजरेषेवरून सरकायलाच हवा. लोपबिंदू तोच राहिला तर खोका वळलेला नाही, मग चित्र कितीही छान दिसो. मदतीला एक युक्ती आहे: दोन खोक्यांमधली फट अरुंद आणि सगळीकडे सारखी ठेवा. फट मोठी केली की शेजारच्या कडेचा आधार जातो आणि सगळं अंदाजावर येतं. बाहेरच्या रांगेतल्या खोक्यांची आपल्याकडची बाजू अगदी अरुंद दिसायला हवी. ती मधल्या खोक्याइतकीच रुंद असेल तर वळणं झालेलं नाही.

धडा स्वतः सांगतो की हे पान नीट येणं अपेक्षित नाही, फक्त पूर्ण करायचं आहे. हेतू समजतो. पण ही सूचना मजकुराच्या गर्दीत हरवते आणि लोक इथेच सोडून जातात. धड्यातला मजकूर लांबलचक आहे, इंग्रजीत आहे, एकच मुद्दा तीन ठिकाणी येतो. गुण कापायचे तर इथे.

शेवटच्या व्यायामात एक झोकदार वळणदार रेघ काढून तिच्या आधाराने लांबून जवळ येणारे खोके काढायचे असतात. सुरुवात इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन रेघांनी होते. या तिघींमधला प्रत्येक कोन ९० अंशांपेक्षा मोठा असायला हवा. एक जरी कोन लहान झाला तर खोका वाकलेला, दाबलेला दिसतो, आणि पुढच्या कडा कितीही सांभाळून काढल्या तरी तो सुधारत नाही. दुसरा नेहमीचा दोष म्हणजे कडा दूर जाताना जवळ येण्याऐवजी पसरतात. कारण विद्यार्थी शेजारच्या एकाच कडेकडे बघून रेघ मारतो; त्या दिशेच्या चारही कडा एकत्र डोळ्यासमोर घेत नाही.

अभिप्रायाच्या सेवेबद्दल. दोन वाटा आहेत: समुदायातल्या लोकांकडून फुकट, किंवा पैसे भरून अधिकृत तपासणी. रेघा आणि लंबवर्तुळांसाठी फुकट अभिप्राय पुरेसा आहे, कारण तिथले दोष एकदा नावं कळली की कोणालाही ओळखता येतात. फुकट अभिप्रायाचा दोष असा की काही जण प्रत्येक व्यायामाखाली ‘छान’ लिहून जातात, तर काही जण बावीस चुकांची यादी देतात. दोन्हींनी विद्यार्थी जागचा हलत नाही. खोक्यांसाठी अधिकृत तपासणीचा विचार करायला हरकत नाही. वळणारा खोका आणि सरकणारा खोका यांतला फरक अनुभवी डोळ्याला लगेच दिसतो आणि तो चित्रावरच रेघ काढून दाखवता येतो.

कामाचा अभिप्राय कसा असतो, ते एका उदाहरणावरून. ‘नरसाळी चुकली’ यात काही नाही. ‘दुसऱ्या नरसाळ्यात उजवीकडची चार लंबवर्तुळं अक्षाकडे तिरकी आहेत, अक्ष तुमच्यासमोर आडवा येईल असा कागद फिरवून अजून अर्धं पान काढा’ यात जागा आहे, दोष आहे, उपाय आहे आणि कामाचं माप आहे. सगळा धडा पुन्हा करायला सांगणारा अभिप्राय मिळाला तर तो बाजूला ठेवावा. अडलेल्या एका व्यायामाचं एक जादा पान पुरे. बाकीचं रोजच्या दहा-पंधरा मिनिटांच्या सरावात सुधारतं. चित्रकलेला दिलेल्या वेळापैकी निम्मा वेळ मन मानेल ते काढण्यासाठी राखून ठेवा, हा अभ्यासक्रमाचाच नियम आहे आणि तो पाळायला हवा. व्यायामांची पानं उत्तम आणि स्वतःचं एकही चित्र नाही, अशी माणसं भरपूर आहेत.

पानं पाठवताना फोटो वरून, सरळ, दिवसाच्या उजेडात घ्या आणि पूर्ण पान दिसू द्या. तिरक्या फोटोत लंबवर्तुळाचा झुकाव आणि खोक्याचे कोन दोन्ही बदलतात, आणि तपासणारा कॅमेऱ्याच्या चुका सुधारत बसतो. नेटके कोपरे निवडून कापलेले फोटो तर पाठवूच नका.

पहिला धडा संपला की २५० खोक्यांचं आव्हान येतं. खरं तर खोके तिथे शिकले जातात. रोज पाच-सहा पुरेत. एका बैठकीत चाळीस काढणाऱ्यांच्या चाळिसाव्या खोक्यात पहिल्याचीच चूक असते. एका पानाचे पाच-सहा खोके झाले की प्रत्येकाच्या तीनही दिशांच्या कडा तीन रंगांनी, आपल्यापासून दूर जाणाऱ्या बाजूला वाढवा आणि मगच पुढचं पान घ्या. रेघा आपल्याकडच्या बाजूला वाढवल्या असतील तर त्या पसरतच जातात, आणि खोका बरोबर असूनही चुकलेला वाटतो.